आत्यासाठी जागा पाहताना

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत रविवारच्या वंदनेनंतर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आम्ही काही विद्वान वक्ते नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रीच्या शाळेत, युनियनच्या कचेरीत आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. समितीने आम्हाला सांगितले की, यंदा आर्य अष्टांगिक मार्गावर बोला. आम्ही म्हटले, त्यावर बोलायला आमच्यापेक्षा जाणती मंडळी आहेत. आम्ही वृद्धाश्रमावर बोलतो. तेव्हा समितीतले दोघे-तिघे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटले असेल, हा विषय विहारात कशाला? विषय तुमच्या-आमच्या घरात आला आहे, म्हणून विहारात आणला. इतकेच.

आपण सगळे जाणता की, सिद्धार्थ गौतमाने २९ व्या वर्षी म्हातारा, रोगी आणि मृत माणूस प्रथमच पाहिला आणि म्हणून गृहत्याग केला, ही परंपरेची गोष्ट बाबासाहेबांना पटली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी तो प्रश्न उभा केला. ज्या गोष्टी रोज घडतात त्या इतक्या वर्षांत दिसल्याच नाहीत, हे कसे मानायचे? बाबासाहेबांचे म्हणणे रास्तच आहे. पण मित्रहो, आम्ही मात्र बावन्न वर्षांचे होईपर्यंत घरातले म्हातारपण पाहिले नव्हते. ते आमच्या खोलीत दहा बाय सोळाच्या आत आमच्याबरोबर राहत होते, तरी पाहिले नव्हते.

आम्ही आमच्या आत्याबद्दल बोलतो आहोत. आमची आई आम्ही सहा वर्षांचे असताना गेली. वडील साचेखात्यात. पहिली पाळी असली तरी घरात कोणी नाही आणि तिसरी असली तरी कोणी नाही. वडिलांची बहीण शेजारच्या चाळीत राहायची. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. तिने आम्हा तिघा भावंडांना वाढवले. बाबासाहेबांची आई भीमाबाई वारली तेव्हा त्यांनाही आत्यानेच सांभाळले, मीराबाईंनी. तेव्हा आत्या या नात्याचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आत्या स्वतः गिरणीत होती, वाइंडिंगला. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि तिची नोकरी गेली ती गेलीच. पेन्शन नाही, काही नाही. पुढे तिने भाजी विकली, लोकांची धुणी-भांडी केली, पण कोणापुढे हात पसरला नाही. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत ती दादर चौपाटीपर्यंत चालत गेली होती, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. हे ती अजून सांगते. बाकीचे विसरते, हे विसरत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. महापालिकेच्या रुग्णालयात ऑपरेशन झाले, वॉकर आला. त्यानंतर तिचे विसरणे वाढले. एकदा गॅस उघडा ठेवून झोपली. आणि एके दिवशी पहाटे चार वाजता वॉकर घेऊन खाली उतरली आणि आपल्या जुन्या गिरणीच्या दरवाजात जाऊन उभी राहिली. तिथे आता काचेची इमारत आहे. ती रखवालदाराला म्हणते, "भोंगा झाला का रं? आज हजेरी जाईल माजी." त्या भल्या माणसाने तिच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरून आम्हाला फोन केला.

आता आमची परिस्थिती ऐका. आमची गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. आम्ही रात्रपाळीला रखवालदारी करतो. आमच्या मंडळी दोन घरचा स्वयंपाक करतात. मुलगा मोटारसायकलवर पार्सले पोचवतो, मुलगी नर्सिंगला, वसतिगृहात. दिवसाचे सहा तास आत्या एकटी. बाहेरून कडी लावून जायचो. होय, आम्ही कडी लावून जायचो. हे भर सभेत सांगायला लाज वाटते, पण सांगितले नाही तर या भाषणाला काही अर्थ नाही.

तेव्हा घरात वृद्धाश्रमाचा शब्द निघाला. निघाला आणि चाळीत गेला. कोणी म्हणाले, "आंबेडकरी चळवळीत भाषणं करणारा माणूस, आणि आत्याला आश्रमात टाकतो?" कोणी म्हणाले, "खोलीवर डोळा असेल." खोली आत्याच्या नावावर आहे. ती आजही तिच्याच नावावर आहे. पुनर्विकासाच्या दिवसांत खोलीची किंमत काय झाली आहे हे लहान पोरालाही कळते, म्हणून लोकांच्या मनात शंका येणार. शंका घेणाऱ्यांवर आमचा राग नाही. उलट प्रत्येक घरात अशी शंका घेणारा एक तरी माणूस असावा, असे आमचे मत झाले आहे.

मग आम्ही नवरा-बायको जागा पाहायला निघालो.

पहिली जागा ठाण्याच्या पुढे. दारात संगमरवर, कारंजे, कचेरीत थंड हवा. अनामत तीन लाख आणि महिना पंचवीस हजार. आमच्या आवाक्याबाहेर होतेच, पण आल्यासारखे पाहून घेतले. खालचा मजला बघण्यासाठी होता, वरचा राहण्यासाठी. वर गेलो तर जिन्यातच लघवीचा वास. कापडाचा ताका वरून चांगला दिसतो, पण घडी उलगडल्याशिवाय दोष कळत नाही, हे गिरणीच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

दुसरी जागा कर्जतच्या बाजूला. हवा चांगली, माणसेही गोड बोलणारी. व्यवस्थापकांनी आडनाव विचारले. सांगितले. मग गाव विचारले. तेही सांगितले. मग म्हणाले, "आमच्याकडे सगळे एकत्र जेवतात, रोज संध्याकाळी भजन असते, सगळ्यांना बसावे लागते." आम्ही विचारले, आत्याच्या उशाशी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो राहील, चालेल ना? ते म्हणाले, "मूर्ती ठेवा हो. फोटो मात्र नको, राजकीय वाटतं." आम्ही भांडलो नाही. चहा झाला होता तो प्यालो आणि उठलो. ज्या जागी माणसाचे शेवटचे दिवस जायचे तिथे तिने आपले काय आहे ते उशीखाली लपवून ठेवायचे, ही गोष्ट आम्हाला मान्य नव्हती.

तिसरी जागा मुंबईतच, एका जुन्या ट्रस्टची. स्वच्छ, स्वस्त. पण नियम असा की, माणूस स्वतःच्या पायाने चालत असेल तोवरच ठेवणार, अंथरुणाला खिळला की आठ दिवसांत घरी न्यायचा. हे त्यांनी आपण होऊन सांगितले नाही, फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात होते. आमच्या मंडळींनी ते वाचले. म्हणून सांगतो, सही करायच्या आधी कागद घरी आणा आणि शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी निघालो तर आत्या खाटेवर उठून बसली. त्या दिवशी ती शुद्धीत होती. म्हणाली, "घागर ठिवायला जागा बघावी तसं हिंडतासा दोघं. मला इचारलं का कुणी?"

बांधवांनो, आम्ही युनियनमध्ये तीस वर्षे घसा फोडून ओरडलो की, कामगाराला विचारल्याशिवाय कामगाराचा निर्णय घ्यायचा नाही. आणि आमच्या घरात जिच्याबद्दल निर्णय चालला होता तिला आम्ही विचारलेच नव्हते. आम्ही खाली मान घातली. टॅक्सी केली आणि तिला बरोबर घेतले.

चौथी जागा कल्याणच्या पुढे, साधी, बैठी, पत्र्याची पडवी असलेली. व्यवस्थापिका बाई माहिती सांगत होत्या, आत्याचे तिकडे लक्षच नाही. ती वॉकर टेकत सरळ संडासाकडे गेली. भिंतीला धरायला दांडा आहे का ते हाताने हलवून पाहिले. कमोड पाहिले. मग एका खाटेवर एक म्हातारी पडून होती, तिच्याजवळ बसली, तिच्या हाताची बोटे हातात घेतली आणि नखे पाहिली. मग विचारलं, "रातच्याला हाक मारल्यावर येतंय का कोण?" ती म्हातारी म्हणाली, "उशिरा येतात, पण येतात." आत्या आमच्याकडे वळून म्हणाली, "ही खरं बोलती. हितं बघू एक महिना."

वह्या भरभरून आम्ही जे प्रश्न लिहून नेले होते, ते सगळे तिने तीन गोष्टींत उरकले. तरी आमच्या वहीतले प्रश्न सांगून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

न कळवता जा. एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा दिवे लागल्यावर. दिवसा दहा माणसे कामाला दिसतात, रात्री किती राहतात ते विचारा. आणि सांगितलेला आकडा रात्री जाऊन मोजा. राहणाऱ्या माणसांशी कचेरीतला माणूस जवळ नसताना बोला. डॉक्टर कोणत्या वारी येतात, औषध दिल्याची नोंद कोण लिहितो, ती वही मागून पाहा. मध्यरात्री छातीत दुखले तर कोणत्या इस्पितळात नेणार आणि गाडी कोणाची? अनामत रकमेतले परत किती मिळणार आणि किती दिवसांत? विसरभोळ्या माणसाला कसे सांभाळतात, बांधून तर ठेवत नाहीत ना? नातेवाईकाने कधी यावे यावर बंधन आहे का? जिथे भेटीला फक्त महिन्याचा पहिला रविवार ठरवून देतात तिथे ठेवू नका. आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला जीभ रेटत नाही: माणूस तिथेच गेला तर आम्हाला कळवायला किती वेळ लावणार आणि अंत्यविधी बौद्ध पद्धतीने होईल का? हा प्रश्न आत्यानेच विचारला. "त्रिसरण-पंचशील म्हणायला माजी माणसं येऊ द्याल न्हवं?" बाई म्हणाल्या, येऊ देऊ. आम्ही ते फॉर्मवर लिहून घेतले.

कोणत्याही कागदावर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेऊ देऊ नका. बँकेचे पुस्तक, रेशनकार्ड, खोलीचे कागद संस्थेला देऊ नका. आणि, वाईट वाटून घेऊ नका, भाच्या-पुतण्यांनाही सहजासहजी देऊ नका. आम्ही स्वतः भाचा आहोत म्हणून बोलतो.

कायद्याचेही दोन शब्द. २००७ साली केंद्र सरकारने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा केला. आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आली आहे किंवा येणार आहे अशा ऐपतदार नातेवाइकाकडून मागता येतो. अर्ज प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालतो. सांभाळ करीन या अटीवर घर लिहून घेतले आणि मग सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. म्हातारे माणूस टाकून देणे हा गुन्हा आहे, तीन महिने कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, असेही आहे. पण तिथे शासन 'स्थापन करू शकते' असा शब्द आहे, 'केलाच पाहिजे' असा नाही. एका शब्दात किती माणसे उघड्यावर राहतात हे बाबासाहेबांच्या अनुयायांना सांगायला नको. अडचण आली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन क्रमांक लिहून ठेवा.

आता खर्चाचे. चौथ्या जागी अनामत तीस हजार, महिना नऊ हजार. आत्याला श्रावणबाळ योजनेचे १५०० मिळतात, ते तिच्याच हातात राहतात, चहा-बिस्किटाला आणि कोणाला पाचपन्नास द्यायला. बाकीचे आम्ही तीन भावंडांनी वाटून घेतले. कोण किती देणार ते आत्यासमोर कागदावर लिहिले आणि एक प्रत चाळीतल्या एका ज्येष्ठ उपासिकेकडे ठेवली. घरातला करार घराबाहेरच्या माणसाला माहीत असला की पाळला जातो.

महिना संपला. आत्याला आणायला गेलो. म्हणाली, "ऱ्हाते." आम्हाला बरे वाटले आणि त्याच वेळी आतून काहीतरी तुटलेही. दोन्ही खरे आहे.

इथे भाषण संपवले असते तर आम्ही फार चांगले दिसलो असतो. पण पुढचे सांगायचे आहे. पहिले तीन महिने दर रविवारी गेलो. मग एक रविवार चुकला. मग मुलाचा अपघात झाला, दुसरा चुकला. मग कारण नसतानाच तिसरा आणि चौथा चुकला. पाचव्या रविवारी गेलो तर आत्याच्या डाव्या टाचेला जखम. एका कुशीवर पडून पडून झालेली. आणि नखे वाढलेली. आम्ही व्यवस्थापिका बाईंवर ओरडलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "आमचं चुकलं. एक मुलगी काम सोडून गेली, दुसरी मिळाली नाही. पण दादा, ज्यांची माणसं दर आठवड्याला येतात त्यांच्याकडे मुलींचं आपोआप जास्त लक्ष जातं. हे बरोबर नाही, पण असंच होतं."

आमच्याकडे उत्तर नव्हते. साचा एकदा नीट लावून दिला आणि विणकर निघून गेला, असे कधी होते का? धागा तुटतो. बघणारा पाहिजे. जागा पारखणे हे पहिल्या दिवशी संपत नाही, ते माणूस असेपर्यंत चालू राहते, हे आम्ही त्या टाचेवरून शिकलो. जखम भरायला दोन महिने लागले. आमच्या मुलीने नर्सिंगला शिकलेले तिथल्या मुलींना दाखवले, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते. त्यानंतर आमचा रविवार चुकला तर दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

तथागतांच्या चरित्रातली गोष्ट विनयपिटकात आहे. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना सांगितले की, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? आणि जो आजाऱ्याची सेवा करील तो आपलीच सेवा करील. यात भगवंतांनी त्याला घरी पाठवा असे सांगितले नाही, आणि तुम्ही त्याला टाकले म्हणून कोणाला धर्माबाहेरही काढले नाही. जिथे माणूस आहे तिथे जाऊन बघा, एवढे सांगितले. घर की आश्रम हा वाद आपण फार घालतो. कडी लावलेले घर आम्ही पाहिले आहे. उघड्या दाराचा आश्रमही पाहिला आहे. माणसाकडे कोण येते-जाते, प्रश्न तो आहे.

म्हणून समितीपुढे दोन सूचना ठेवतो आणि थांबतो.

पहिली सूचना. आपल्या वस्तीतली किती म्हातारी माणसे बाहेर कुठे ठेवली आहेत याची यादी करावी. नावे जाहीर करायची नाहीत, कोणाला लाजवायचे नाही. चार-चारांची टोळी करावी आणि प्रत्येकाला महिन्यातून एकदा कोणीतरी भेटून यावे, नातेवाईक जात असले तरी. जाताना नखे बघायची, टाचा बघायच्या. निळे निशाण घेऊन जायची गरज नाही, नेलकटर घेऊन जावे.

दुसरी सूचना. सकाळच्या वंदनेनंतर संध्याकाळपर्यंत या विहाराला कुलूप असते. पंखे आहेत, पाणी आहे, सतरंज्या आहेत, आणि चाळीत दारांना बाहेरून कड्या आहेत. अकरा ते चार विहार उघडा ठेवावा. ज्यांना दिवसा कोणी नाही त्यांनी इथे येऊन बसावे. दोन माणसे पाळीपाळीने लक्ष ठेवतील. मंगळवारी आणि गुरुवारी पहिली पाळी आमची, रात्रपाळी करून आलो तरी येऊ. ही सोय आधी असती तर आत्याला कल्याणच्या पुढे जावे लागले असते की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण कडी लागली नसती, हे नक्की सांगतो.

किल्ली अध्यक्षांकडे आहे. ती आजच्या आज आम्हाला द्यावी अशी विनंती करून आमचे चार शब्द संपवतो.

नमो बुद्धाय. जयभीम!